बाभळीची पाचर

झुंबर सुताराच्या धाकट्या भावाचं, गेणूचं, रतनशी लग्न झालं, ते १९३४ साल. त्याच वैशाखात बावड्याच्या हिंदुरावांनी मोडक्या दस्त्याची रायफल सणसरला झुंबरकडं आणली. गाडीच्या चाकात झुंबरचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्यानं शिसवीचा नवा दस्ता घडवला, वर वेल कोरली आणि चाकात आरे ठोकावेत तशा पाचरी मारून नळी लाकडात गच्च बसवली.

"देखणा हाय रं, पर डुकरावर धरली की गोळी बांधात जाती," हिंदुराव म्हणाले.

गेणू पुढं झाला. "दादा, चाक न्हवं ह्ये. नळी तापली की फुगती. ती मोकळी पायजे, बूड तेवढं गच्च."

त्यानं पाचरी काढल्या. बुडाच्या लोखंडाला काजळ फासलं, खोबणीत दाबून उचललं आणि डाग उमटला तिथं पटाशीनं खरवडलं. पुन्हा फासलं, पुन्हा दाबलं. शेवटी सगळी खोबण सारखी काळी झाली. दस्त्याचा पुढचा भाग लवत होता, त्याच्या पोटात लोखंडी पट्टी बसवली. दादाच्या वेलीला मात्र ओरखडा नाही.

हिंदुरावांनी लांबचं गाडगं फोडलं. मग दुसरं. खुशीत त्यांनी फेटा बांधला, तो गेणूला. थोरला समोर उभा असताना!

"जेवा की," रात्री झुंबरची बायको छबूबाई म्हणाली. "का भाऊजींच्या फेट्याकडं बघूनच प्वाट भरलं?"

झुंबरनं ताट बाजूला सारलं. त्या पोराच्या हातात पटाशी दिली कुणी?

माघात ऊसतोड उरकत आली. डुकरं उठवायला हाका घालायचा होता, त्या सकाळी हिंदुरावांची रायफल तेल द्यायला गेणूकडं आली. तो न्याहारीला उठला, तेवढ्यात झुंबरनं बाभळीची कागदागत पातळ पाचर नळीखाली सारली. एकच गोळी चुकावी, चारचौघांत फेटा उतरावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

उरल्यासुरल्या उसातून डुक्कर निघालं. गोळी बांधात गेली. डुक्कर सरळ हिंदुरावांशेजारी उभ्या गेणूवर आलं.

मांडी फाटलेल्या गेणूनं धावत आलेल्या भावाचा हात धरला. "दादा, माझंच काम कच्चं ऱ्हायलं."

ते ऐकून झुंबरला क्षणभर बरं वाटलं. मग हातातला हात गार पडू लागला. पाचरीचं त्याच्या तोंडून निघालं नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही.

गेणू सुतार त्याच दिवशी, १९३५च्या माघात, सणसरच्या उसात वारला.