तोमेझोचा एकच फटका

माझा धाकटा भाऊ तोमेझो व्यावसायिक बेसबॉलचा एकच सामना खेळला. लढाई चालू होती, निशिनोमियाचं मैदान होतं. पुढच्याच महिन्यात त्याला सैन्याचं बोलावणं आलं आणि तो परतला नाही. त्या सामन्याच्या गुणतक्त्यात त्याच्या नावापुढे एक फटका मांडलेला आहे.

आमच्या गल्लीतला इसोगाई त्या दिवशी समोरच्या संघातून तिसऱ्या बेसवर चेंडू अडवायला उभा होता. साके पोटात गेली की तो सगळ्यांना सांगायचा, "फटका कसला? चेंडू माझ्या हातून निसटला. मीच दिला तो पोराला."

चेंडू मारून स्वतःच्या बळावर बेस, म्हणजे धावेतला थांबा, गाठला तरच तो फटका; समोरच्याच्या चुकीने मिळालेला बेस फटका म्हणून धरत नाहीत. हे बोलणं एक दिवस आईच्या कानावर गेलं.

"शिगे," ती म्हणाली, "रोज तोमेझोच्या तसबिरीपुढे भात ठेवताना मी त्या फटक्याचं नाव घेते. खोटा असेल तर उद्यापासून घेणार नाही. विचारून ये."

त्या सामन्याचे गुणलेखक कुसुमोतो आकाशी शहरात राहत. मी इसोगाईलाही ओढत नेलं. कुसुमोतोंनी जुना कागद उघडला. अक्षरंसुद्धा मी उशिरा शिकले, या खुणा तर मुंग्यांच्या पायांसारख्या. त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवलं.

"हा तुमचा भाऊ. चेंडू तिसऱ्या बेसकडे, स्वतः पहिल्या बेसवर सुखरूप. फटका."

"दया केलीत तुम्ही," इसोगाई म्हणाला. "पोरं लढाईवर निघाली होती."

"दया करायची असती तर त्याच सामन्यात तुमच्या नावावर दोन चुका कशाला मांडल्या असत्या?"

इसोगाईने चहाचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"चेंडू निसटला तेव्हा पळणारा कुठे होता?" कुसुमोतोंनी विचारलं.

"मला काय ठाऊक? मी चेंडू शोधत होतो."

"मी त्याला बघत होतो. तेव्हा फाटलेले चेंडू पुन्हा शिवून वापरायचे. मऊ पडलेला तो चेंडू रांगत तुमच्याकडे आला. खिळ्यांचे बूट मिळत नव्हते, म्हणून पोरगा गवंड्यांचे रबरी तळाचे बूट घालून पळत होता. चेंडू तुमच्या हाताला लागला तेव्हा तो पहिल्या बेसपासून हातभरावर होता. तुम्ही नीट उचलला असता तरी तुमची फेक तिथे त्याच्याआधी पोचली नसती. अशा वेळी फटकाच मांडतात."

परतीच्या गाडीत इसोगाई बराच वेळ समुद्र बघत बसला.

"आईला तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "मी बहीण. मी खरं सांगितलं तरी तिला ते लाडाचं वाटेल."

घरी तो आईपुढे गुडघे टेकून बसला. "काकू, तो फटका त्याचाच होता. मी त्याला बाद करू शकलो नसतो."

आईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग इतकी वर्षं गल्लीभर काय सांगत फिरलास?"

"माझ्या नावावर दुसरं काही नाही, काकू. मीही तेवढाच एक सामना खेळलो. तुमच्या तोमेझोला मी काहीतरी दिलं, असं वाटायचं."

आईने आपल्या शेजारचं आसन त्याच्याकडे सरकवलं.

"त्या बुटांत तो घसरत नव्हता का रे?" तिने विचारलं.

"चेंडू शोधत होतो, काकू. मी पाहिलंच नाही," इसोगाई म्हणाला. "पण त्याआधी बॅट घेऊन मैदानात आला ना, तेव्हा पाहिलं होतं. सांगू?"

"सांग," आई म्हणाली.