माइरांगला नेलेली बास

काँग फिदा, म्हणजे फिदाताई, शाळेतून निवृत्त झाली त्या वर्षी तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागवलं. एका परदेशी कंपनीनं साठच्या दशकातल्या घाटाची बास गिटार पुन्हा काढायचं ठरवलं होतं. आखूड मान, पोकळ अंग, कडेला काळा आणि मध्ये मधासारखा होत जाणारा रंग, आणि किंमत मात्र पेन्शनीत झेपेल अशी. भाचीच्या फोनवर तिनं तिचा फोटो पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी शिलाँगच्या पोलीस बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात जाऊन नाव लिहून आली.

मग वाट पाहणं सुरू झालं. दुकानदार आधी म्हणाला ईस्टरला येईल. मग म्हणाला पाऊस सरल्यावर. मग जहाजच कुठल्याशा बंदरात अडकून पडल्याचं कळलं. दर शनिवारी बाजार करून ती माझ्या दुकानात यायची. मॉखारच्या चढावर माझं दुकान आहे. रेडिओ, अँप्लिफायर, गिटारी, ज्याचा म्हणून आवाज बंद पडतो ते माझ्याकडे येतं. ती बाकावर बसायची, क्वायचा, ओल्या सुपारीचा, विडा गालात धरायची आणि दुकानदाराची नवी सबब सांगायची. सांगता सांगता उजव्या हाताची दोन बोटं गुडघ्यावर चालत असायची, ते तिला कळायचंही नाही.

"वान, वाजवता येईल ना रे मला अजून?" एकदा तिनं विचारलं.

"विसरायला ते काय भूगोल आहे, काँग?" मी म्हणालो. पस्तीस वर्षं तिनं भूगोलच शिकवला होता. ती हसली. मी मान खाली घालून डाग देत राहिलो, कारण तिच्या बास वाजवण्याची गोष्ट निघाली की मला तिच्याकडे बघवत नसे.

एकोणऐंशी साली आमचा चौघांचा बँड होता. मी गिटारवर, फिदा बासवर. तेव्हा बास वाजवणारी मुलगी अख्ख्या शिलाँगात दुसरी नव्हती. तिची बास कलकत्त्याच्या एका सुतारानं नुसता फोटो बघून बनवलेली. मामानं तिला आणून दिली होती. दिसायला ओबडधोबड, पण आवाज असा गोल आणि घुमणारा की तो कानांना कळायच्या आधी तळपायांना कळायचा. शनिवारी हॉलमध्ये नाच असला की पाइनच्या फळ्या थरथरायच्या. खिडकीतून धुकं आत यायचं, जैनसेम नेसलेल्या मुली भिंतीला टेकून उभ्या असायच्या, आणि फिदा डोळे मिटून, अजिबात न हलता वाजवायची. आम्ही तिघं घामाघूम व्हायचो, उड्या मारायचो. लोक बघायचे तिच्याकडे.

ब्याऐंशीत कलकत्त्याच्या एका हॉटेलात चार महिने वाजवायचं आमंत्रण आलं. निघायच्या आठवडाभर आधी तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. फिदा धाकटी लेक. आमच्याकडे घर धाकट्या लेकीचं, तशी आईही तिचीच. तिनं जाणं रद्द केलं, कुणाला बोलूही दिलं नाही. तिच्या जागी माइरांगचा डॉनबोक आला, शांत, लाजरा, वाजवायला बरा. बस सुटताना तिनं बास त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "मी नाही तर नाही, ही तरी कलकत्ता बघून येऊ दे."

परत येताना डॉन आमच्याबरोबर नव्हता. त्याला एका बोटीवरच्या वाद्यवृंदात काम मिळालं, तो तिकडूनच गेला. जाताना त्यानं बास माझ्या स्वाधीन केली. बाकीचे दोघं आधीच्या बसनं पुढे गेले होते; गुवाहाटीहून वर येणाऱ्या माझ्या बसच्या टपावर ती मीच बांधली, आणि नीट बांधली नाही. नाँगपोच्या पुढे एका वळणावर ती खाली पडली आणि मागून येणारा ट्रक तिच्यावरून गेला. मी रस्त्यावर बसून तुकडे गोळा केले. मान गेली, अंगाचा भुगा झाला. फक्त तारांखालचा पिकअप, आवाज पकडणारा तो चुंबकाचा आणि तांब्याच्या तारेचा ठोकळा, चेपलेला पण एकसंध सापडला.

तिच्या घरी गेलो तेव्हा फिदा आईला भरवत होती. तिनं वर बघून विचारलं, "बास?"

"डॉनकडे राहिली," मी म्हणालो.

तेवढंच. तशीच दुसरी बनवून घेऊ आणि मग सांगू, असं मनात होतं. पण तो सुतार काम सोडून गावी गेला होता. डॉन तीन वर्षं परतला नाही. लोक म्हणाले, त्यानं विकून खाल्ली असणार. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. तो परत आला, माइरांगला नोकरीला लागला, आणि फिदा त्याच्याशी पुन्हा एक शब्द बोलली नाही. बाजारात दिसला तर ती रस्ता ओलांडायची. त्यानं एकदा मला विचारलं, "काँगचं माझ्याशी काय बिनसलंय?" मी म्हणालो, आईच्या आजारपणानं ती तशी झाली आहे. दोन हजार अकरा साली तो गेला. फिदा मातीला आली नाही. मी गेलो. शवपेटीला खांदाही दिला.

नवी बास नोव्हेंबरात आली. फिदानं ती माझ्याच दुकानात उघडली. दिसायला राणी. तिनं मांडीवर घेतली, पहिला सूर काढला, आणि तिचा चेहरा पडला. आवाज पातळ होता, चरचरीत. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. खुंट्या ढिल्या, सूर पाच मिनिटं टिकेना. तिनं बराच वेळ प्रयत्न केला आणि मग म्हणाली, "स्वस्तातल्या वस्तूकडून काय मागायचं. माझीच बोटं म्हातारी झाली असतील."

ठेवून जा, मी तिला सांगितलं. पंधरा दिवस दे.

खुंट्या बदलल्या. करकरीत तारा काढून गुळगुळीत, चपट्या वेटोळ्यांच्या बसवल्या. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपाशी, तारांखाली स्पंजाची पट्टी सरकवली, म्हणजे सूर लांबत न राहता टप्पकन उमटून विझतो. आमच्या काळी तसाच विझायचा. एवढ्यानं बास पुष्कळ सुधारली होती. तिथे थांबलो असतो तरी फिदा खूश झाली असती. पण कपाटात चहाच्या डब्यात तो चेपलेला पिकअप बेचाळीस वर्षं पडून होता. मी तो काढला. आतली तार तुटलेली होती. शिवणयंत्राच्या मोटारीवर चढवून केसाहून बारीक तार त्यावर पुन्हा गुंडाळली, हजारो वेढे. तीनदा तुटली, तीनदा पहिल्यापासून केलं. मग कोऱ्या करकरीत गिटारीला पटाशी लावून खाच मोठी केली. तो जुना पिकअप तिच्यात बसवला. नऊ महिने वाट बघून आलेली वस्तू होती ती.

फिदा आली. बाकावर बसली, डोळे मिटले, खालच्या तारेवर दोन सूर वाजवले. बाकाची फळी थरथरली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "हा आवाज कुठून आणलास?"

नव्या तारांचा आहे, असं म्हणता आलं असतं. तिनं विश्वासही ठेवला असता. मी सांगितलं. नाँगपोचं वळण, टप, ट्रक, डबा, सगळं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं बास बाजूला ठेवली आणि पदराच्या गाठीशी चाळा करत राहिली. शेवटी म्हणाली, "बास फुटली, फुटली. तू तेव्हा सांगतास तर मी दोन दिवस रडले असते, वान. पण डॉनच्या मातीला मी गेले नाही. ते आता कुठल्या तारेनं गुंडाळशील?"

त्या दिवशी ती बास न घेताच गेली.

तीन आठवडे ती आली नाही. मग एका सकाळी दारात उभी राहिली आणि म्हणाली, गाडी काढ, माइरांगला जायचंय. बास घे.

डॉनच्या घरी त्याची बहीण, काँग थेइलिन, एकटीच राहते. तिनं आम्हाला चुलीपाशी बसवलं, लाल चहा आणि पुथारो, तांदळाच्या पिठाची भाकरी, समोर ठेवली. फिदानं बोलायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं आणि माझ्या तोंडानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता काँग थेइलिनचे हात थांबले. सांगून झाल्यावर ती माझ्याशी बोललीच नाही. फिदाकडे वळून म्हणाली, "तो म्हणायचा, फिदा सगळ्यांशी बोलते, माझ्याशी नाही. कलकत्त्यात मी तिचे सूर वाईट वाजवले असणार, कुणीतरी तिला सांगितलं असणार. म्हणून घरी आल्यावर त्यानं बास कधी हातात धरली नाही."

फिदा रडली. आई गेली तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. थेइलिननं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. कुणी बोलावलं नाही, ते बरोबरच होतं.

त्या दुपारी फिदानं आतल्या खोलीत वाजवलं. माझ्यापर्यंत भिंतीतून येत होतं तेवढंच ऐकलं. आमची जुनीच गाणी, संथ, एकामागून एक. मध्ये एकदा थेइलिन गुणगुणू लागली आणि पुन्हा थांबली.

आता महिन्यातून दोन रविवार फिदा माइरांगच्या चर्चमध्ये गायकवृंदाबरोबर बास वाजवते. अँप्लिफायर मी उचलून नेतो आणि शेवटच्या बाकावर बसतो. माझ्याशी ती बोलते, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाही. परवा परतताना म्हणाली की ख्रिसमसला वृंद मोठा असणार, आवाज पुरायचा नाही, तेव्हा मोठ्या स्पीकरचं काहीतरी बघ. मी म्हणालो, बघतो. समोरून धुकं चढत येत होतं, म्हणून मी दिवे लावले आणि गाडी हळू घेतली.