उंबऱ्यावर अडीच हात

"हातभर वर धरा ना," चुडामणची बायको दगूबाई ओट्यावरून हळूच म्हणाली. "दुर्बीणले काय समजस?"

"दुर्बीणले नही समजत. पानीले समजस," चुडामण म्हणाला आणि त्यानं पट्टीचं बूड फेट्याच्या शेवानं पुसलं.

सन बत्तीसची गोष्ट. शहर वाढत होतं. रेल्वेची इंजिनं, कापसाच्या जिनिंगा, नव्या बंगल्यांचे नळ, सगळ्यांनाच पाणी हवं होतं. म्हणून धानोऱ्यापलीकडच्या नाल्यावर तलाव बांधायचं ठरलं. भरल्यावर पाणी कुठवर चढेल ते ओव्हरसियर रतिलाल दुर्बिणीतून बघे, आणि चुडामण समोर आकड्यांची उंच लाकडी पट्टी धरून उभा राही. अकरा वर्षं ठिकठिकाणच्या तलावांवर त्यानं हेच केलं होतं. लोकांची घरं त्यानं विडी ओढत बुडवली होती. आज त्याच्या स्वतःच्या घराची पाळी होती.

पट्टी उचलली की कागदावर जमीन उंच होते आणि घर बुडितातून सुटतं. नवापूरकडे धनुबाई नावाच्या म्हातारीनं जेवू घातलं, तेव्हा खाल्ल्या भाकरीला जागायला म्हणून त्यानं चार बोटं उचलली होती. कागदावर तिचं घर कोरडं राहिलं, त्यामुळे तिला नवी जागा मिळाली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी चुलीत शिरलं. देवाची करणी, एवढंच ती म्हणाली. ही गोष्ट त्यानं घरी कधी काढली नव्हती.

"एक डाव उचली व्हती मी," तो आता म्हणाला. "म्हातारीना घरमा पानी भरनं."



दुर्बिणीमागून रतिलाल ओरडला, "चुडामण, हाई घर तुन्हं शे ना? आज पट्टी दुसराले दे."

"नको साहेब. मीच धरस."

त्यानं पट्टी उंबऱ्यावर टेकवली. आकडा नीट मिळावा म्हणून सवयीनं ती जराशी मागेपुढे झुलवली. याच घरात त्याचं लग्न लागलं होतं, याच घरात बाप गेला होता. रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. आत सगळं बधिर झालं होतं.

रतिलालनं वहीत वजाबाकी केली आणि मान खाली घालूनच सांगितलं, "उंबरावर अडीच हात पानी."

आता भिंतीवर तेवढ्या उंचीची चुन्याची रेघ मारायची होती. तेही काम पट्टीवाल्याचंच. चुडामणनं चुन्यात कुंचा बुडवला, पण हात भिंतीपर्यंत जाईना.

दगूबाई ओट्यावरून उतरली. कानबाईच्या सणाआधी दर श्रावणात ही भिंत तीच पांढरी करायची; वर्षभरात ती पुन्हा मातकट व्हायची.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "द्या माले."

या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिनं रेघ ओढली. कुठं थांबली नाही. मग कुंचा झटकून त्याच्या हातात दिला आणि आत जाऊन चूल पेटवू लागली.

रेघ सरळ आली होती. चुडामणनं पट्टी खांद्यावर घेतली आणि तो शेजारच्या घराकडे निघाला.