सीलबंद गिटार

संगीत वेदनेतून जन्माला येतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. आमच्या मीरिमच्या बाबतीत वेदना भरपूर होती. संगीत मात्र येत नव्हतं, कारण गिटारच्या तारा दांड्यापासून बोटभर वर होत्या.

मीरिम माझी भाची. शनिवारी तिला शाळेत सगळ्यांसमोर वाजवायचं होतं आणि बोटांची टोकं सोलून निघाली होती. "आज ही नीट झाली नाही, तर मी नाव काढून घेते," असं तिने सकाळीच जाहीर केलं. तेव्हा दाजी गिटार घेऊन नारीन शहराच्या बाजाराला निघाले. सोबत मीरिम, आणि साक्षीदार म्हणून मी.

कुबात दाजी चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या जकात नाक्यावर अधिकारी. ट्रकमध्ये लसूण आहे असं कागद म्हणत असेल, तर ट्रकमध्ये लसूण नाही, ही त्यांची मूळ श्रद्धा. घरून निघण्याआधीच त्यांनी गिटारला सील लावलं होतं. एक कागदी पट्टी पोटाच्या भोकावर, एक दांडा पोटाला मिळतो तिथे. दोन्हींवर सही.

बाजारात असनकुल जुन्या कंटेनरमध्ये बसून वाद्यं दुरुस्त करतो. गिटार पाहून तो म्हणाला, "बाइके दादा, ही दुरुस्त करायचीय की सीमापार पाठवायचीय?"

"आतला माल बदलू नये म्हणून आहे ते."

"आत हवा असते हो."

"ते आम्ही ठरवू."

असनकुलने दांड्याच्या बुडावरची पट्टी दाखवली. "हिच्याखाली स्क्रू आहे. तो फिरवला की दांडा मागे झुकतो, तारा खाली येतात. पट्टी काढा."

"स्क्रूच आहे कशावरून?"

"पट्टी काढल्यावरून."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदाराचा चेहरा केला.

"बाबा, काढा ना! लोक बघतायत," मीरिम कुजबुजली.

दाजींनी काढली, पण आधी शेजारच्या बटाटेवालीच्या काट्यावर गिटार तोलून घेतली. "काय भाव लावलाय?" बटाटेवालीने विचारलं.

असनकुलने तारा सैल केल्या, स्क्रूला चावी लावून जराशी फिरवली, तारा ताणून सूर जुळवले. मघाशी तारेखाली आरामात जाणारी त्याची करंगळी आता जाईना. मीरिमने तार दाबली. पुन्हा दाबली. "बाबा, दुखत नाहीये!"

"काय काढलंस?" दाजींनी असनकुलला विचारलं.

"काही नाही."

"तारा खाली आल्या, म्हणजे काहीतरी गेलं."

गिटार पुन्हा काट्यावर चढली, फाडलेल्या पट्टीसकट. वजन तेवढंच. दाजींचा चेहरा काळवंडला. कमी भरलं असतं तर चोरी सापडली असती. तंतोतंत भरलं, म्हणजे चोर हुशार.

"होती तशी कर."

मीरिमने गिटार छातीशी धरली. "मग शनिवारी तुम्हीच वाजवा! आधी दाबून तर बघा."

दाजींनी तार दाबली. बोट उचलून निरखलं. मग दुसरी दाबली.

"संशय यावा इतकं सोपं आहे," ते म्हणाले, आणि स्क्रूवर नवी पट्टी चिकटवून माल सोडून दिला.

मीरिमने आठवडाभर जेवण विसरून सराव केला. दाजी दाराबाहेर उभे राहून ऐकत. वाजवतेय तीच का, याची खात्री करायला अधूनमधून आत डोकावत.

शनिवारी शाळेने रेकॉर्ड लावली. मीरिमसकट सगळ्या मुलांनी नुसते वाजवल्यासारखे हात हलवले.