रांगेतलं पाणी

बाबांना दम धरवत नाही. संत्र्याला अंबिया बहार यावा म्हणून झाडांचं पाणी महिनाभर तोडावं लागतं, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल झाली की बाबांचा जीव वरखाली होतो. मागच्या वर्षी त्यांनी मधेच मोटर सुरू केली. फुलांऐवजी नुसती पालवी फुटली आणि शेंदूरजनाघाटात आमच्या बागेचं हसं झालं.

मोटरचा प्रोग्राम मीच लिहिलेला. मोबाइलवर ‘पाणी सोड’ टाइप केलं की विहिरीवरचा कंट्रोलचा डबा मोटर चालू करतो. डबा बंद असला तर हुकूम रांगेत थांबतो, डबा जागा झाला की पार पडतो. हा बाबांचाच हट्ट. लाइट आली की ऑटोवर ठेवलेली मोटर आपोआप सुरू होते, मग तुझ्या प्रोग्रामला काय धाड भरली, म्हणाले.

यंदा ताण सुरू झाला आणि डबा बिघडला. बरंच झालं, म्हटलं. आज मी इथे शहरात, राजापेठेत स्कूटीवर असताना आईचा विहिरीवरून फोन आला, वायरमन मनोज डबा दुरुस्त करून राहिला म्हणून. कडेला थांबून स्क्रीन उघडली तर ‘पाणी सोड’, खाली ‘पाणी सोड’, त्याखाली पुन्हा तेच. बाबा रोज टाकत होते. माझं टाळकंच सरकलं.

मी ‘सगळं रद्द’ टाइप केलं. तेही मुकाट रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहिलं. वरातीमागून घोडं, आणि वरात मीच काढलेली. रांग मुळातून पुसायला माझ्या इथल्या घरचा कॉम्प्युटर हवा होता, आणि समोर ट्यूशन सुटलेली. गाड्यांतून मुंगी शिरेना.

बाबांना फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला. उचलला तेव्हा मागे मोटर घरघरत होती.

“बाबा, मोटर बंद करा. फ्यूजच्या ग्रिपा काढून घ्या.”

“पानं पाह्यवत नाही, माय.”

“मले ठाऊक आहे. पाणी अजून पाइपातच असंन. काढा.”

घरघर चालूच. मला रडू यायला लागलं, रागानं की त्यांच्या कीवेनं, कोण जाणे. मग आवाज थांबला.

“काढल्या,” बाबा म्हणाले. “तू घरी जाऊन थे सारं पुसून टाक.”

फोन तसाच चालू राहिला. ते आईशी बोलत होते.

“ह्या ग्रिपा घे वो, तुयापाशी ठेव. मी मांगतल्या तरी देऊ नको.”