देवबागेतून जर्मनीवर मात

देवबागेत जॉयसीचं दोन खोल्यांचं होमस्टे होतं. स्वयंपाक तिचा, हुकूमही तिचाच. शेजारच्या रिसॉर्टने तिला पगारी आचारीण म्हणून बोलावलं होतं आणि आज उत्तर द्यायचं होतं. नवरा बाबुश सकाळपासून मागे लागला होता. "महिन्याचो पगार गो! गिऱ्हाईक येवो, न येवो."

सोलकढी पिता पिता पाहुणी सलोनी, पुण्याची अर्थशास्त्राची प्राध्यापिका, म्हणाली, "जर्मनीत काम करणाऱ्या शंभर बायकांत दहाजणीही स्वयंरोजगारात नसतात. आपल्याकडे साठाच्या वर!"

जॉयसीच्या हातातला डाव हवेतच राहिला. "म्हणजे जर्मनी आमच्या पाठी? आणि अमेरिका?"

"तीही. पण जॉयसीताई, आपल्याकडे नोकऱ्याच नाहीत म्हणून..."

"माका तर मेळता आसा! तरी नको!" जॉयसी नाचायचीच बाकी होती. "रे बाबुश, मी गेलंय तर देशाचो आकडो खाली येतलो."

"मगे रिसॉर्टवाल्याक काय सांगू?"

"तू जा. रांधूक मी शिकवतंय. पुरुषांचो आकडो कोण विचारता?"

दुपारी बाबुश डोळे पुसत कांदा चिरत होता, आणि जॉयसी फोनवर आईला जर्मनी कशी हरली ते ओरडून सांगत होती.