फ्लेक्सचा खालचा पट्टा

जानेफळात कोणाचा वाढदिवस आहे, कोण निवडून आलं आणि कोण वारलं, हे गावाच्या आधी मला कळतं. कारण फ्लेक्स मीच छापतो. गिऱ्हाइकाचं म्हणणं एकच, अक्षर मोठं पाहिजे. मी कपाळावर हात मारतो आणि मोठं करतो.

शेजारी वाहेदचं सीटकव्हरचं दुकान. त्याची पोरगी सफा यंदा बारावी झाली. इंजिनिअरिंगची यादी लागली त्या सकाळी हा गडी पळतच माझ्याकडे आला.

"शेखर, पुण्याचं लागलं बे! कॉलेजचं नाव असं टाक, का मेहकरवरून दिसलं पाह्यजे!"

मी सफाचा फोटो एका कोपऱ्यात बसवला आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत कॉलेजचं नाव टाकलं. दुपारी फ्लेक्स एसटी स्टँडवर चढलासुद्धा. पोरीला विचारावं हे त्याच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

संध्याकाळी सफा दुकानात आली. चेहरा उतरलेला.

"काका, तो फ्लेक्स उतरवा. मी पुण्याले नाही जाऊन राह्यली. अमरावतीकडच्या कृषी अभियांत्रिकीच्या कॉलेजातही माझा नंबर लागला, मी तिथं जातो."

"येडी झाली का? पुण्याच्या त्या कॉलेजसाठी लोक नवस बोलतात!"

"अब्बाले तुम्हीच सांगा ना."

मी? माझी काय टाप! पण सांगायची वेळच आली नाही. वाहेद चहा घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"सकाळपासून लोकायचे फोन येऊन राह्यले," तो म्हणाला. "आता त्यायले काय सांगू?"

"अब्बा, मी मामूसंग दोन्ही कॉलेजं पाहून आली. पुण्यात मोठ्या मशीनच्या खोलीले कुलूप होतं. पोरं म्हणे, शेवटच्या वर्षापर्यंत हात लावू देत नाहीत. मी काचेतून पाह्यलं. तिकडं अमरावतीले पोरं पेरणीयंत्र बनवून राह्यले होते. मॅडमनं माह्या हातात पाना देला. म्हणे, खोल."

"पाना आपल्या दुकानातही हाय. त्याच्यासाठी कॉलेज कायले पाह्यजे?"

सफा हळूच म्हणाली, "तुम्ही खामगावच्या उस्तादाले काऊन सोडलं होतं?"

ही गोष्ट आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ आहे. सीटकव्हर शिवणारा तो उस्ताद इतका नावाजलेला की अकोल्याच्या गाड्या त्याच्या दारात उभ्या असत. शिकायला गेलेल्या वाहेदला त्यानं झाडू मारायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावलं, पण मशीनवर काही बसवलं नाही. वाहेद तिथून निघाला आणि वरवट बकालच्या एका कारागिराकडे राहिला. त्या कारागिराला कुत्रंही ओळखत नव्हतं, पण त्यानं पहिल्याच दिवशी याला मशीनवर बसवलं. वाहेदच्या वडलांना वाटलं, पोरानं नाक कापलं. त्यांनी बोलणंच टाकलं.

"दादाजान तुमच्याशी बोलत नव्हते," सफा म्हणाली. "तुम्हीही नाही बोलणार का माह्याशी?"

वाहेदनं चहाचे ग्लास टेबलावर ठेवले आणि तरातरा आपल्या दुकानात गेला. रेक्झिन कापायची मोठी कात्री घेऊन परतला, माझी शिडी उचलली आणि स्टँडकडे निघाला. मागे सफा, तिच्यामागे मी. हा आता सगळा फ्लेक्स फाडतो की काय, असं मला वाटलं.

पण त्यानं फक्त खालचा पट्टा कापला, सीटचं कापड कापतो तसा, सरळ रेषेत. कॉलेजचं नाव खाली पडलं. वर राहिलं 'हार्दिक अभिनंदन', सफाचं नाव आणि तिचा फोटो.

पानठेल्यावरून जानराव ओरडला, "वाहेदभाई, कॉलेजचं नावच कापलं? आता लोकायले कसं समजन?"

"ज्याले पाह्यजे तो पोरीले विचारन!" वाहेद शिडीवरूनच म्हणाला.

सफा रडता रडता हसत होती. वाहेद मात्र खाली उतरेना. फ्लेक्सच्या कोपऱ्याकडे बघत राहिला आणि मग माझ्यावरच खेकसला.

"काऊन बे शेखर, माह्या पोरीचा फोटो इतका लहान काऊन लावला?"

मी शिडी घट्ट धरली.